भिंतीची ओल कुणाची? घरमालक, भाडेकरू आणि बुरशीचा जुना इतिहास

दर पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात एक संवाद हमखास होतो. समोर चार-पाच वर्षांचे मूल असते. महिनाभर खोकला, रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज. औषध चालू असले की बरे, बंद केले की पुन्हा तेच. मी आईला विचारतो, "घरात ओल आहे का?" ती क्षणभर गप्प होते. मग म्हणते, "हाय ना साहेब. पलंगामागची भिंत काळी पडलीय. पण घर भाड्याचं हाय. मालकाला सांगितलं तर म्हणतेत, पटत नसंल तर खोली सोडा."

गाव लहान असल्यामुळे तो घरमालकही कधीतरी रक्तदाब तपासायला माझ्याकडेच येतो. त्याचीही बाजू तयार असते. "डॉक्टरसाहेब, स्लॅबचं काम काढलं तर दोन वर्षांचं भाडं एकदम जातं. आणि हे लोक दिवसभर खिडकी बंद ठेवतात, आतच कपडे वाळवतात. मग ओल येणार नाही तर काय?"

दोघेही खोटे बोलत नसतात. पण त्यांचा वाद मिटेपर्यंत ते मूल त्याच भिंतीशेजारी झोपत राहते. आजचा लेख औषधांवर कमी आणि या वादाच्या इतिहासावर जास्त आहे. भिंतीची ओल कुणी काढायची, हा प्रश्न तुमच्या-माझ्या गावात निर्माण झालेला नाही. तो फार जुना आहे आणि त्याची उत्तरे वेळोवेळी बदलत आली आहेत.

जुन्या ग्रंथांतली बुरशी

घराच्या भिंतीवरील बुरशीबद्दलचे फार जुने लेखी नियम बायबलच्या जुन्या करारातील 'लेवीय' या पुस्तकात सापडतात. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस डाग दिसले तर घराच्या धन्याने स्वतः जाऊन धर्मगुरूला कळवायचे. आधी घर रिकामे करायचे, मग पाहणी, मग सात दिवस घर बंद. डाग पसरले तर तेवढे दगड काढून गावाबाहेर टाकायचे, भिंती खरवडून नवा गिलावा करायचा. तरीही डाग परत आले तर घर पाडायचे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या नियमांत जंतुशास्त्र नव्हते. तरी त्यांतल्या दोन गोष्टी आजही बरोबर आहेत. कळवण्याची जबाबदारी घरधन्याची होती, आणि डागावर नुसता रंग फासणे हा उपाय मानलेला नव्हता.

आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घर आणि भाडे यांचे नियम आहेत. पावसापासून बचाव व्हावा म्हणून छतावर वाऱ्याने उडणार नाही असे रुंद आच्छादन घालावे, असे त्यात सांगितले आहे. भाडे देणाऱ्या माणसाला घराबाहेर काढणाऱ्या मालकाला १२ पण दंड आहे, आणि सांगूनही घर न सोडणाऱ्या भाडेकरूलाही तेवढाच. दोन्ही बाजूंना एकाच तराजूत तोलणारा हा नियम आहे. "पटत नसंल तर सोडा" हे वाक्य तेव्हाही ऐकू येत असणार, त्याशिवाय असा दंड लिहावा लागला नसता.

माळवद ते स्लॅब

आता आपल्या भागाकडे येऊ. धाराशिव, लातूर, सोलापूर या पट्ट्यातले जुने घर म्हणजे माळवद. जाड दगडी भिंती, लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि वर मातीचा थर. उन्हाळ्यात गार राहणारे हे घर पावसाळ्यात मात्र लक्ष मागत असे. पाऊस लागण्याआधी माळवदावर पांढरी माती टाकायची, धुमसायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या. हे काम दरवर्षीचे होते आणि ते करावेच लागते, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असे.

या मातीची एक किंमत होती. गळती थांबवण्यासाठी आणि ऊन अडवण्यासाठी वर्षानुवर्षे चढवलेला थर कित्येक घरांत फूट-दोन फूट जाड झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनानंतर काही तासांत, ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरचे हे ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले. सरकारी आकड्यानुसार सुमारे आठ हजार माणसे गेली. आपल्या जिल्ह्यातल्या सास्तूरसारख्या गावांनी ती पहाट पाहिली आहे.

त्यानंतर आपल्याकडे माळवदाची भीती बसली आणि स्लॅबचे घर हे सुरक्षिततेचे दुसरे नाव झाले. ते योग्यच होते. पण त्यासोबत एक गैरसमजही आला, तो म्हणजे स्लॅबला काहीच करावे लागत नाही. स्लॅबलाही उतार लागतो, कोबा लागतो, पाणी जाणारा पाइप मोकळा लागतो, पॅरापेट आणि स्लॅब यांच्या सांध्यातली भेग वेळेवर भरावी लागते. माळवदावर मालक दरवर्षी चढत होता. स्लॅबवर आता पाण्याची टाकी वाहू लागली तरच कुणीतरी चढते. आपला जिल्हा दुष्काळी म्हणून ओळखला जातो, त्यामुळे घर बांधताना पावसाचा विचार थोडा मागेच पडतो. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये परंडा-भूम भागात घरांत पुराचे पाणी शिरले, तेव्हा ही समजूत किती महाग पडते ते आपण पाहिले.

कायद्याची सुरुवात एका ढेकणाच्या खटल्याने

१८४३ मध्ये इंग्लंडमध्ये एक खटला गाजला. ब्रायटन या समुद्रकाठच्या गावात एका कुटुंबाने सामानासकट घर भाड्याने घेतले. घरात इतके ढेकूण निघाले की ते घर सोडून गेले. मालकाने उरलेले भाडे मागितले. न्यायालयाने सांगितले की सामानासह भाड्याने दिलेले घर निदान राहण्याजोगे तरी असले पाहिजे. मात्र लवकरच दुसऱ्या एका निकालाने हा नियम रिकाम्या घरांना लागू नाही असे ठरवले. म्हणजे घर पाहून घेणे ही भाडेकरूची जबाबदारी, आत काय निघेल ते त्याचे नशीब.

याच विचारांच्या काळात, १८८२ मध्ये, आपल्याकडे मालमत्ता हस्तांतरण कायदा आला. तो आजही लागू आहे. त्याच्या १०८ व्या कलमात दोन्ही बाजूंची कर्तव्ये दिली आहेत. सहज पाहून न कळणारा आणि मालकाला माहीत असलेला गंभीर दोष त्याने सांगितला पाहिजे. जी दुरुस्ती करणे मालकावर बंधनकारक आहे ती त्याने सूचना देऊनही वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून कापावा. भाडेकरूने घर नेहमीची झीज सोडून जसे घेतले तसे ठेवावे. पण "बंधनकारक" दुरुस्ती कोणती, हे कायदा फारसे सांगत नाही. ते करारावर सोडलेले आहे. आणि आपल्याकडे करार बहुतेक वेळा तोंडी असतो.

प्लेग आणि "राहण्यास अयोग्य" घरे

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. उंदीर आणि पिसवा यांचा संबंध तेव्हा कळलेला नव्हता. अधिकाऱ्यांचा संशय अंधाऱ्या, ओल्या, कोंदट खोल्यांवर होता. घरांवर "यूएचएच" अशी अक्षरे रंगवली गेली. त्याचा अर्थ मनुष्यवस्तीस अयोग्य. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, रस्ते रुंद झाले, कोंदट वस्त्या पाडल्या गेल्या.

पण सुरुवातीच्या वर्षांत पाडलेल्या खोल्या जास्त आणि बांधलेल्या कमी अशी स्थिती होती. घर अयोग्य ठरले की भाडेकरू रस्त्यावर येई आणि शेजारच्या तितक्याच कोंदट चाळीत शिरे. माझ्या दवाखान्यातली ती आई मालकाकडे तक्रार करायला का घाबरते, याचे उत्तर इथे आहे. ओलीपेक्षा बेघर होण्याची भीती मोठी असते. आरोग्याच्या नावाखाली भाडेकरूला घराबाहेर काढले, तर आजार फक्त पत्ता बदलतो.

गोठलेले भाडे आणि कुजलेल्या चाळी

पहिल्या महायुद्धात घरभाडी भडकली आणि १९१८ मध्ये मुंबईत भाडेनियंत्रण आले. पुढे १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. त्याने सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण मानले. गरीब भाडेकरूंना त्याने खरोखर संरक्षण दिले. पण भाडे दशकानुदशके तिथेच राहिले आणि सिमेंट-मजुरी वाढत गेली. कायद्याने दुरुस्ती मालकावर टाकली होती, पण भाड्यातून ती करणे त्याला परवडेना. चाळी गळू लागल्या, सज्जे पडू लागले. अखेर १९६९ मध्ये कायदा करून इमारत दुरुस्ती मंडळ नेमले गेले आणि उपकर घेऊन जुन्या इमारती दुरुस्त करण्याची पद्धत सुरू झाली. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे गोठवलेले भाडे आता न्याय्य राहिलेले नाही, असे म्हटले.

हा इतिहास मी भाडेकरूंनाही मुद्दाम सांगतो. दुरुस्तीचे कर्तव्य आणि दुरुस्तीचा पैसा हे दोन्ही एकत्र चालले पाहिजेत. एक ठेवले आणि दुसरे विसरले, तर भिंत ओलीच राहते.

मराठवाड्याचा कायदा

आपण तेव्हा मुंबई राज्यात नव्हतो, हैदराबाद संस्थानात होतो. १९४८ च्या सप्टेंबरात मुक्त झालो आणि १९५६ मध्ये मुंबई राज्यात आलो. त्यामुळे मराठवाड्याचा भाडेकायदा वेगळा राहिला, तो १९५४ चा हैदराबाद घरे (भाडे, निष्कासन व पट्टा) नियंत्रण कायदा. मुंबईत एक, विदर्भात दुसरा आणि आपल्याकडे तिसरा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, तेव्हा कुठे हे तिन्ही जाऊन एकच कायदा आला.

या कायद्याचे १४ वे कलम आपल्या विषयाचे आहे. घर राहण्याजोग्या चांगल्या स्थितीत ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. त्याने टाळाटाळ केली तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी. त्यानंतर वाजवी वेळेत काम झाले नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा अशी की एका वर्षातली ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नसावी. भाडे महिना ४,००० रुपये असेल तर वर्षाचे ४८,००० आणि मर्यादा १२,००० रुपये. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. हा कायदा त्याच्या अनुसूचीत दिलेल्या भागांत चालतो. इतरत्र १८८२ चा कायदा आणि तुमचा करार. आणि ११ महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स' करारात राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो. त्याला मुख्य आधार करारातल्या ओळींचाच. म्हणून सही करण्याआधी "गळती आणि ओल यांची दुरुस्ती मालक करतील" ही एक ओळ लिहून घ्या.

डॉक्टरांना हे कधी कळले?

खरे सांगायचे तर आम्हीही उशिराच जागे झालो. १९२४ मध्ये हॉलंडमधील स्टॉर्म व्हान लेवेन यांनी दमट हवा, बुरशी आणि दमा यांचा संबंध दाखवला. १९५२ मध्ये लंडनमधील डॉक्टरांनी ॲस्परजिलस या बुरशीच्या ॲलर्जीमुळे होणारा फुप्फुसाचा आजार वर्णन केला. आजही दमा काही केल्या आटोक्यात येत नसेल तर आम्ही तो तपासतो. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये बाळांच्या फुप्फुसातल्या रक्तस्रावाचा दोष "विषारी काळ्या बुरशी"ला दिला गेला. पुढे २००० मध्ये तिथल्याच सरकारी आरोग्य संस्थेने फेरतपासणी करून तो संबंध सिद्ध होत नाही असे सांगितले. पण भीतीचा शब्द मागे राहिला.

२००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घरातील ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांचे सार असे की ओल्या घरात राहणाऱ्यांना खोकला, घरघर, सर्दीसारखा त्रास आणि दम्याचे झटके जास्त होतात. हवेत बुरशीचे बीजाणू किती चालतील याचा सुरक्षित आकडा मात्र त्यांनी दिलेला नाही. म्हणून घरातल्या बुरशीची महागडी तपासणी करत बसू नका. डाग दिसतो, कुबट वास येतो, एवढा पुरावा पुरे. ओल थांबवा.

अनेक जण मला विचारतात, "साहेब, ही कोरोनातली काळी बुरशी तर नाही?" नाही. २०२१ मधला म्युकरमायकोसिस वेगळ्या गटातल्या बुरशीमुळे होतो आणि तो प्रामुख्याने अनियंत्रित मधुमेह, स्टेरॉइड्स आणि खालावलेली प्रतिकारशक्ती असलेल्यांना झाला. भिंतीवरचा काळा डाग म्हणजे तो आजार नव्हे. मात्र दमा असलेले, लहान मुले, वृद्ध, जुना टीबी होऊन फुप्फुसात पोकळी राहिलेले आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे यांनी ओल्या खोलीत झोपू नये.

दोन वर्षांचा अवाब

डिसेंबर २०२० मध्ये इंग्लंडमधील रॉचडेल येथे अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा गेला. भाड्याच्या घरात बुरशी होती. वडिलांनी २०१७ पासून तक्रार केली होती, त्यांना रंग मारून घ्या असे सांगण्यात आले. दोष कुटुंबाच्या राहणीवर ढकलला गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने घरातील बुरशीचा दीर्घकाळचा संपर्क हेच कारण ठरवले. त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि २७ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचा पहिला टप्पा तिथल्या सामाजिक संस्थांच्या भाड्याच्या घरांना लागू झाला. तातडीचा धोका २४ तासांत दूर करायचा, गंभीर ओल-बुरशीची तपासणी दहा कामकाजाच्या दिवसांत करायची आणि त्यानंतर पाच कामकाजाच्या दिवसांत घर सुरक्षित करायचे. आपल्या कायद्यात "वाजवी वेळ" आहे. त्यांनी दिवस मोजून दिले. पण त्यासाठी एका मुलाचा जीव जावा लागला.

मग ओल कुणाची?

आधी पाणी कुठून येते ते पाहा.

• छताला डाग आणि पाऊस पडला की वाढतो: स्लॅब किंवा पॅरापेट. काम मालकाचे.
• फरशीपासून दोन-तीन फूट वर चढणारी ओल, पांढरा खार, सुटणारे पोपडे: जमिनीतून चढणारे पाणी. काम मालकाचे.
• न्हाणीघराच्या पलीकडच्या भिंतीला उन्हाळ्यातही ओल: भिंतीतला पाइप. काम मालकाचे. नळाचा वायसर बदलणे, तुंबलेली मोरी साफ करणे मात्र भाडेकरूचे.
• कपाटामागे, कोपऱ्यात, स्वयंपाकघरात काळे ठिपके: आतली वाफ. खिडकी उघडणे, कपडे बाहेर वाळवणे, कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवणे भाडेकरूचे. खोलीला खिडकीच नसेल तर ती सोय करणे मालकाचे.

केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या अनुसूचीतही साधारण अशीच वाटणी आहे, जरी असा कायदा राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. शंका असेल तर ओल्या जागी प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी जमले तर ओल भिंतीतली, खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतली.

मालकाला तोंडी सांगा, पण फोटो आणि तारखेसह लेखीही द्या. छोटा डाग असेल तर मास्क लावून साबणाच्या पाण्याने पुसा, मुलांना दूर ठेवा. ब्लीचिंग आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. ओल सुकल्याशिवाय रंग मारू नका. मुलाचा पंप स्वतःहून बंद करू नका. श्वास फार जोरात चालू असेल, बरगड्यांखाली खड्डे पडत असतील, बोलताना धाप लागत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात या.

मागच्या वर्षी अशाच एका वादात मी दोघांनाही एकाच वेळी बसवले. माझ्या चिठ्ठीवर लिहिले, "मुलाला दमा आहे. झोपण्याच्या खोलीतील ओल दूर होणे उपचारासाठी आवश्यक." मालकाने कागद वाचला, थोडा वेळ त्या पोराकडे पाहिले आणि उन्हाळ्यात कोबा करून देतो म्हणाला. भाडेकरूने दरमहा थोडे भाडे वाढवून द्यायचे कबूल केले. पलंग त्याच संध्याकाळी दुसऱ्या भिंतीला गेला. यंदाच्या पावसाळ्यात ते मूल दोनदा आले. त्याआधीच्या पावसाळ्यात सात वेळा आले होते. दमा गेलेला नाही, पंप चालू आहे. पण ती आई आता रात्री झोपते.